दोन वह्यांतल्या ओव्या

बायको जात्यावर आपल्याविषयी काय गात होती, हे कळायची संधी इंद्रभानला ती गेल्यावर वर्षभरानं मिळाली, आणि तेव्हाही त्याच्या हाती निम्मंच लागलं. उरलेलं निम्मं सरकारजमा झालं. ते कसं, याची ही हकीगत.

सुरुवात प्रयागबाईनं केली. ही शेजारीण. ती आणि इंद्रभानची बायको गंगू, दोघी पंचवीस वर्षं एका जात्यावर समोरासमोर बसून दळत आल्या. आसेगावात पिठाची गिरणी आली तेव्हा जातं खाटेखाली गेलं आणि दोघी गिरणीच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात प्रयागबाई सांगायला आली की, आता कायमची नागपूरला लेकीकडे चालले, आठ दिवसांत जावई न्यायला येईल. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "भाऊ, सांगू का नको? गंगू तुमच्यावर लय ओव्या गाये."

"माह्यावर? काय गाये?"

"आता ते का सांगाची गोष्ट हाय? तुमी आले का आमी चूप बसू." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

इंद्रभानला आठवलं. तो कचेरीतून घरी यायचा तेव्हा लांबून दोन बायकांचं हसणं ऐकू यायचं, आणि वहाणा दारात वाजल्या की जात्याची नुसती घरघर उरायची. मालक आला म्हणून मान ठेवून गप्प बसतात, असं तो पंचवीस वर्षं समजत होता. हा मान आज एका मिनिटात गेला.

"सांगा ना एखांदी," तो म्हणाला.

"अशी कशी येईन? हात खुट्यावर पाह्यजे. जातं फिरलं तं गानं फिरते."

ती गेली. इंद्रभान खाटेवर बसून राहिला. खाटेखाली जातं होतं. गंगू गेल्यापासून त्याला कशाचीच चौकशी करावीशी वाटत नसे. आज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं जातं बाहेर काढलं. त्यात एक विंचू, गंगूची हरवलेली बांगडी आणि चार वर्षांची धूळ निघाली. दळणाऱ्या दगडाची पाळ गुळगुळीत झाली होती. ज्वारी टाकली तर दुसऱ्या बाजूनं ज्वारीच निघाली. म्हणून टाकी लावणारा आणावा लागला. तो तीन कोसांवरून आला आणि दगडावर ठकठक करू लागला, तसे समोरचे नानाजी काठी टेकत आले. नानाजींना कुठल्याही कामातलं काही येत नसे, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांना अडचण पडत नसे.

"काहून रे इंद्रभान, गिरनी बंद पडली का?"

"नाही नानाजी. ओव्या लिवाच्या हायेत."

नानाजींनी काठीनं जात्याला टोचून पाहिलं. मग म्हणाले, "दगडावर?"

इंद्रभाननं सगळं समजावून सांगितलं. नानाजींनी सगळं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की, इंद्रभान बायकोच्या दुःखानं दळण दळणार आहे. त्याचा परिणाम असा झाला की, सकाळी प्रयागबाई येऊन बसली तेव्हा ओसरीवर पाच टोपल्या ज्वारी येऊन पडली होती. फुकट दळून मिळतंय म्हटल्यावर दुःखात सहभागी व्हायला लोक मागं राहत नाहीत. तुळसाबाई तर तूर घेऊन आली.

"तूर चालनार नाही," प्रयागबाई म्हणाली. "तुरीवर भावाच्या ओव्या येतात. नवऱ्याच्या ज्वारीवर."

"माही तूर काय पाप करून आली?" असं म्हणत तुळसाबाईनं टोपली उचलली, पण गेली नाही. ऐकायला बसली.

प्रयागबाईनं खुंटा धरला, दोन फेरे दिले आणि जी गायला लागली ती थांबेचना. इंद्रभान टाक बुडवून पहिली ओळ लिहीपर्यंत ती तिसऱ्या ओळीवर. "थांबा, थांबा," असं म्हटलं की जातं थांबे आणि ओवीही जाई.

"मंधातून नाही धरता येत, भाऊ. पुन्हा पह्यल्यापासून."

असं चार वेळा पहिल्यापासून झालं. एक टोपली दळून झाली आणि वहीत तीन अर्धवट ओळी, त्याही फाडून टाकाव्या लागल्या.

आता इंद्रभानचा धंदा सांगितला पाहिजे. तो तालुक्याच्या कचेरीत नकलनवीस होता, आता निवृत्त. तीस वर्षं त्यानं लोकांच्या निकालांच्या, फेरफारांच्या, भांडणांच्या नकला केल्या आणि प्रत्येकीखाली 'खरी नक्कल' असं लिहून सही केली. तातडीची मोठी नक्कल आली की त्याची एक रीत होती. एक जण वाचणार आणि दोघं लिहिणार. पहिली ओळ एकानं घ्यायची, दुसरी दुसऱ्यानं, तिसरी पुन्हा पहिल्यानं. एक लिहीत असतो तोवर दुसऱ्याची ओळ वाचून होते; वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही आणि काम निम्म्या वेळात होतं. तिला कचेरीत 'आडओळ' म्हणत. ती आपण काढली याचा इंद्रभानला अभिमान होता. तिच्यात खोट एकच: दोन्ही कागद असले तर नक्कल पुरी, एक गेला तर दुसराही रद्दी. पण कचेरीत दोन्ही कागद एकाच टाचणीत असत, म्हणून ही खोट कोणाला कधी दिसली नव्हती.

दुसरा लिहिणारा कोण? शेजारच्या चावडीत किसनसिंग तलाठी बसत असे. उन्हाळ्यात त्याला काम कमी आणि माशा जास्त.

"बाबूजी, आपल्याले गान्यातलं काही समजत नाही," किसनसिंग म्हणाला.

"समजून घ्याचंच नाही. समजून लिवनारा चुकते. कानात आलं का कागदावर."

किसनसिंग आला, पण स्वतःची वही घेऊन. म्हणजे गेल्या साली चावडीतली एक पिकांची नोंदवही अर्धी भरून खराब झाली होती, तिची मागची वीस पानं कोरी होती, ती. इंद्रभानची वही दोनशे पानी, पुठ्ठ्याची, गंगूच्या नावानं नवी आणलेली. किसनसिंग रकान्याशिवाय लिहूच शकत नसे. त्यानं अनुक्रम 'सर्व्हे नंबर'च्या रकान्यात टाकला आणि ओळ 'पिकाचे नाव' इथून सुरू करून 'शेरा' इथं संपवायची ठरवली. इंद्रभानचं अक्षर मोत्यासारखं आणि चाल गोगलगाईची. किसनसिंगचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण हात असा पळे की ओळ लिहून तो तंबाखू मळून घेई.

नानाजींनी दोघांकडे पाहिलं. "एक खोंड आन् एक सुस्त हेला. दोघाले एका जुवात जुंपलं तं गाडी कोनाच्या चालीनं चालन?"

चालली ती इंद्रभानच्या चालीनं. प्रयागबाईनं जातं सावकाश धरलं. पहिली ओळ इंद्रभानची, दुसरी किसनसिंगची, आणि मध्ये तुळसाबाईचं हसणं. तीन सकाळी हे चाललं. बायका ओसरीवर मावेनात. एखाद्या ओवीला अशा हसत की इंद्रभानला वाटे, मान वर करून विचारावं काय झालं. पण त्याची सवय पक्की होती. आपली ओळ कानात घ्यायची, ती उतरेपर्यंत कान बंद. दुसऱ्याची ओळ त्याला ऐकूच येत नसे. सगळं झाल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून निवांत वाचू, असा त्याचा बेत होता.

तिसऱ्या दिवशी किसनसिंगनं हात वर केले. "बाबूजी, वही खतम. वीस पानं, पानाले दहा ओळी, दोनशे झाल्या."

इंद्रभानच्या वहीत तेव्हा दीडशेच्या वर पानं कोरी होती. पण आडओळीत मोठ्या वहीचा मोठेपणा चालत नाही. लहान वही म्हणेल तिथं थांबावं लागतं. तो आपली दोनशे एकावी ओळ उतरवत होता. ती पुरी करून त्यानं मान वर केली तेव्हा प्रयागबाई पुढची ओळ गाऊन मोकळी झाली होती, ज्वारी संपली होती, आणि बायका या वेळी हसत नव्हत्या. तुळसाबाई डोळे पुसत होती. पीठ उडालं असेल, असं इंद्रभानला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जावई आला आणि प्रयागबाईला वाशीमला रेल्वेवर घेऊन गेला. इंद्रभान पोचवून परत आला, हात धुतले आणि वही उघडली.

पहिलंच पान: 'भाजीत मीठ नाही, तरी जेवते चुपचाप.' पुढची ओळ: 'माह्या घरचा कारकून, साऱ्या जगाच्या नकला लिवते.' त्याच्या पुढची: 'नवी साडी नेसली, उभी राह्यली समोर.'

मग? समोर उभी राहिली, मग काय?

इंद्रभाननं पानं उलटली. दोनशे एक ओळी आणि प्रत्येक ओळ दारापाशी नेऊन सोडणारी. ओवीची पहिली ओळ सांगते आणि दुसरी टोला मारते. सगळे टोले किसनसिंगकडे होते.

तो तसाच चावडीत गेला. किसनसिंग कपाट पुसत होता.

"वही द्या."

"कोनती? ते जुनी? बाबूजी, ते तं काल गेली. सर्कलसाहेब आले, म्हने जुन्या नोंदवह्या साऱ्या जमा करा. गठ्ठा बांधला, गाडीत टाकला. आता ते रेकॉर्डात."

"माह्या ओव्या हायेत त्यात!"

"सरकारी वहीत असल्या म्हंजे सरकारच्या झाल्या," किसनसिंग म्हणाला, आणि आपणच बोललेलं ऐकून जरा घाबरला.

इंद्रभाननं नागपूरला पत्र टाकलं. नातीच्या अक्षरात उत्तर आलं: 'इथं जातं नाही. गिरणी घराखालीच आहे. हात खुंट्यावर नाही तर तोंडात काही येत नाही. तब्येतीस जपा.'

राहिला एकच मार्ग. रेकॉर्डातल्या कागदाची नक्कल मागायची. म्हणजे कचेरीत जायचं, आपल्याच खोलीत, आणि खिडकीच्या या बाजूला उभं राहायचं.

खिडकीत दौलतराव होता. इंद्रभाननं ज्याला टाक धरायला शिकवलं आणि एका शाईच्या डागासाठी अठरा पानी नक्कल तीन वेळा करायला लावली, तो दौलतराव. आता मुख्य नकलनवीस.

"या साहेब, या! बसा," असं म्हणून त्यानं अर्ज हातात घेतला, आणि अर्ज हातात येताच त्याचा चेहरा बदलला. "साहेब, सर्व्हे नंबर नमूद नाही."

"गान्याले सर्व्हे नंबर कुठून येईन, दौलतराव?"

"तुम्हीच शिकवलं साहेब. 'तपशील अपुरा, अर्ज परत.'" त्यानं तसं लिहिलंही, इंद्रभानच्याच वळणाच्या अक्षरात. उकाराला गाठ मारायची सवयसुद्धा तीच.

इंद्रभाननं आयुष्यात असे हजारभर अर्ज परत केले असतील. खिडकीच्या या बाजूला उन्हं थेट डोक्यावर येतात, हे त्याला आज कळलं.

दुसऱ्या खेपेला 'अर्जदाराचा हितसंबंध काय' अशी हरकत निघाली. त्यानं लिहिलं, 'मयत गंगू हिचा नवरा.' तिसऱ्या खेपेला 'मयत ही खातेदार होती काय' असं विचारलं. तेव्हा तो अर्जाची घडी खिशात घालून घरी परत आला.

दोन आठवड्यांनी किसनसिंग धापा टाकत आला. हातात नोटीस.

"बाबूजी, मेलो! कचेरीत कोनी तरी वह्या तपासल्या. वाचा."

इंद्रभाननं वाचलं. 'आसेगाव येथील नोंदवहीत सर्व्हे नंबर १ मध्ये "उद्या वाढीन भुसा, त्याचा होईन का संताप" असे पीक दाखविले आहे. सदर पीक बागायती की जिरायती, याचा खुलासा सात दिवसांत करावा. न केल्यास आपणांवर कारवाई का करू नये?'

इंद्रभाननं नोटीस पुन्हा वाचली. मग वही काढून नंबर एकची ओळ पाहिली, आणि मोठ्यानं म्हटलं, "भाजीत मीठ नाही, तरी जेवते चुपचाप. उद्या वाढीन भुसा, त्याचा होईन का संताप!"

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा. पोट धरून खाटेवर बसला.

"माही नोकरी चालली आन् तुमी हासता?" किसनसिंग रडकुंडीला आला होता.

"मीठ नव्हतं, किसनसिंग! एक दिवस खरंच नव्हतं. मी काही बोललो नाही. मले वाटलं, तिले वाईट वाटन."

"बाबूजी, मीठ राहू द्या. खुलासा?"

खुलासा एकच होता. दोन्ही वह्या एकत्र वाचून दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं कचेरीत गेले. नानाजीही आले, त्यांना काम नव्हतं, पण कोणी चुकलं तर सांगायला माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं.

दौलतरावनं नोंदवही मागवली, पण हातात देईना. "रेकॉर्डाला अर्जदाराचा हात लागू नये. हेही तुमचंच."

"मंग तुमी वाचा. मी माही वाचतो. नंबर जुयतात का नाही, पाहा."

खिडकीच्या दोन बाजूंना दोघं बसले. इंद्रभाननं आपली ओळ वाचली, दौलतरावनं त्याची.

"नंबर तीन. नवी साडी नेसली, उभी राह्यली समोर."

"नंबर तीन," दौलतराव किसनसिंगचं अक्षर लावत म्हणाला. "मले म्हने, जरा सरक, उजेड... उजेड पडू दे कागदावर."

टायपिंगवाल्या बाई फिसकन हसल्या. शिपाई दारात येऊन उभा राहिला. दौलतरावनं कोणाकडे न पाहता पान उलटलं, पण त्याचा आवाज आता तपासणीचा राहिला नव्हता. नंबर दहा, नंबर वीस. पन्नासाव्या नंबराला फायली घेऊन उभे असलेले पक्षकारही खिडकीला येऊन टेकले. इंद्रभानची छत्री, इंद्रभानचं घोरणं, पोळा आणि पगार एकाच दिवशी आला तेव्हा त्यानं केलेला हिशोब, सगळं निघालं. नानाजी दर ओवीला म्हणत, "खरं हाय. मी पाह्यलं हाय."

मध्येच इंद्रभान थांबला. "दौलतराव, दोन नंबर राह्यला. आपन सोडून पुढं गेलो."

"वाचा."

"माह्या घरचा कारकून, साऱ्या जगाच्या नकला लिवते."

दौलतरावनं मागचं पान काढलं. सहज वाचून गेला. "माह्या आंगाले ताप, त्याले तिसऱ्या दिशी कयते."

लोक हसले. इंद्रभान हसला नाही. गंगूला शेवटी जो ताप आला, तोही त्याला तिसऱ्या दिवशीच कळला होता. ओवी त्याच्या कितीतरी आधीची असणार. तिला आधीच माहीत होतं, आणि तरी ती हसून गायली होती. दौलतरावनं पुढचा नंबर स्वतःच सांगितला.

"एकशे अठरा, साहेब."

"सही करते मी कचेरीत, अंगठा नाही देत."

"चुलीपाशी माहा मास्तर, बसते पाटी घेत."

इंद्रभाननं मान हलवली. छप्पन्न साली, नागपूरच्या दीक्षेहून परत आल्यावर, गंगू म्हणाली होती की, आता मी अंगठा देणार नाही. दोन महिने तो तिला चुलीजवळ गिरवायला लावत होता. पाटीवर पिठाचे डाग पडत.

दोनशेवा नंबर झाला. इंद्रभाननं शेवटची ओळ वाचली.

"दोनशे एक. पिठावानी पांढरा झाला, कारकुनाचा केस न केस."

दौलतरावनं पान उलटलं. पुढं पुठ्ठा होता.

"नाही साहेब. वहीच संपली."

"वही खतम झाली होती," किसनसिंग खाली पाहत म्हणाला. "लिवली असती, पन रकाना नव्हता."

दौलतरावनं खुलाशाच्या कागदावर लिहिलं, 'सदर नोंदी पिकांच्या नसून गाण्यांच्या आहेत. पिकांस बाध येत नाही.' मग नक्कल करायला स्वतः बसला. दोनशे ओळी, एकही डाग नाही. खाली 'खरी नक्कल' लिहून सही केली, आणि इंद्रभानला देताना उभा राहिला.

घरी आल्यावर इंद्रभाननं दोन्ही कागद शेजारी ठेवून सगळ्या ओव्या एका वहीत उतरवल्या. चार दिवस लागले. या खेपेला तो प्रत्येक ओळ वाचत होता, त्यामुळे दोनदा चुकला. शेवटी दोनशे एक नंबर आला आणि त्याच्याखाली एक ओळ कोरी राहिली. तुळसाबाईला विचारलं. ती म्हणाली, "आठोत नाही, भाऊ. रडू आलं होतं येवढंच आठोते." नानाजींना विचारलं. त्यांनी तीन ओळी सांगितल्या; तिन्ही बैलांविषयी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जातं ओसरीत घेतलं. मूठभर ज्वारी टाकली, आजूबाजूला पाहिलं आणि खुंटा धरला. जातं जड होतं. इतकं जड असतं, हे त्याला माहीत नव्हतं. दहा फेऱ्यांत दम लागला. गाणं त्याला येत नव्हतं, पण हात फिरायला लागल्यावर तोंडातून काहीतरी निघायला लागलं.

"पिठावानी पांढरा झाला, कारकुनाचा केस न केस..."

समोरून आवाज आला, "काहून रे इंद्रभान, जात्यात मांजर सापडली का?"

तो थांबला नाही. थांबलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हे त्यानं पाहिलं होतं. पुढच्या फेऱ्याला ओळ आली, तशी त्यानं ती गायली. मग पिठाचे हात धोतराला पुसून तो उठला, वही उघडली, टाक बुडवला आणि कोऱ्या जागी लिहिलं:

'पह्यल्या दिशीच कयलं मले, गंगू घरात नाहीस.'

शाई वाळेपर्यंत तो पाहत राहिला. सवयीनं हात खाली 'खरी नक्कल' लिहायला गेला, आणि पहिल्या अक्षराशी थांबला. ही कशाची नक्कल नव्हती. तीस वर्षांत त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती, म्हणून त्याला थोडा विचार करावा लागला. मग त्यानं त्या ओळीखाली लिहिलं, 'अस्सल', आणि सही केली.